आईवर ओरडण्याआधी कॉलरमागचं लेबल वाचा

रूमवरची इस्त्री एकदा नीट बघा. तापमान कमी-जास्त करायची गोल चकती असते ना, तिच्यावर नायलॉन, सिल्क, वूल, कॉटन अशी नावं ओळीने असतात आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात जास्त तापमानाला लिहिलेलं असतं ‘लिनन’. मी कॉलेजला आल्यावर पहिली दोन वर्षं ती चकती थेट शेवटपर्यंत फिरवायचो, कारण लेक्चरला दहा मिनिटं उरलेली असायची. लिनन म्हणजे काय हे माहीत नव्हतं. अंगावर तर कधी आलंच नव्हतं.

आता ते आलंय. ट्रॅडिशनल डेला लिननचा कुर्ता, मित्राच्या लग्नात सगळ्या ग्रुपचे एकाच रंगाचे लिनन शर्ट, इंटरव्ह्यूला लिननचा शर्ट. तुमच्यातल्या निम्म्या जणांच्या बॅगेत आज एखादा तरी असेल. माझं म्हणणं एवढंच आहे की तो विकत घेणारे आपण असतो आणि धुणारं भलतंच कुणीतरी असतं. खराब झाला की बोलणी त्या धुणाऱ्याला बसतात. हे बरोबर नाही. जो घालतो त्यानेच तो धुवावा. जमणार नसेल तर घेऊ नये.

हे शहाणपण मला कसं आलं ते सांगतो, म्हणजे उपदेश ऐकल्यासारखं वाटणार नाही.

मी पुसेगावचा. यात्रेमुळे सगळ्यांना माहीत असलेलं साताऱ्याचं पुसेगाव वेगळं, आमचं हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. इंटरव्ह्यूसाठी मी हिंगोलीतून आकाशी रंगाचं लिननचं कापड घेतलं आणि गावातल्या शिंपीकाकांकडे शिवायला टाकलं. काकांनी कापड बोटात चुरगाळून पाहिलं आणि म्हणाले, “आधी पाण्यातून काढून वाळवून आण, मग शिवतो. आटतं हे.” मला घाई होती. “तसंच शिवा,” म्हणालो. मेसच्या एका महिन्याच्या पैशात शर्ट तयार झाला. एकदा घातला, फोटो काढले, स्टेटसला टाकले आणि इंटरव्ह्यूच्या चार दिवस आधी घरी गेलो तेव्हा बाकीच्या मळक्या कपड्यांसोबत बॅगेतच ठेवला.

आईने धुणं काढलं. आमच्याकडे लाइट कधी येईल त्यावर बोअर, आणि बोअरवर धुणं. शर्ट रात्रभर पावडरच्या पाण्यात माझ्या जीन्ससोबत भिजला. सकाळी दगडावर घासला गेला, कॉलरला ब्रश लागला, मग धोपाटणं, मग दोन्ही हातांनी पिळा. दुपारी भर उन्हात कुंपणाच्या तारेवर वाळला. संध्याकाळी माझ्या हातात आला तेव्हा पुठ्ठ्यासारखा ताठ होता, बाह्या आखूड झाल्या होत्या, खांद्यावर रंग उडाला होता, जीन्सची निळी झाक आली होती आणि पाठीवर तारेच्या गंजाचा डाग.

मी ओरडलो. काय बोललो ते इथे लिहिणार नाही. आई ऐकून घेत उभी होती. मग म्हणाली, “त्या चिठ्ठीवर लिवलं असंल ना कसं धुवायचं. तू वाचलंस का?”

कापडासोबत दुकानातून एक चिठ्ठी मिळाली होती. मी ती पिशवीसकट फेकून दिली होती. इंटरव्ह्यूला मित्राचा शर्ट घालून गेलो.

पुढे या पानासाठी काहीतरी लिहायचं म्हणून मी लिननच्या मागे लागलो आणि पहिल्याच दिवशी कळलं की हे कापड जवसाचं असतं. हो, तेच जवस. ज्याची चटणी भाकरीबरोबर खात आपण मोठे झालो, कुणी अळशी म्हणतं. ज्याचं तेल तुम्ही नव्या बॅटला चोळता, तेच. शास्त्रीय भाषेत एकच वनस्पती. फरक एवढाच की आपल्याकडे रब्बीत येणारं जवस बुटकं, फांद्या फुटलेलं आणि भरपूर बोंडांचं असतं, कारण आपल्याला बी हवं असतं. कापडासाठी जे लावतात ते उंच वाढणारं, कमी फांद्यांचं. फ्रान्सच्या उत्तरेला, बेल्जियममध्ये, नेदरलँड्समध्ये त्याची शेती आहे. मार्च-एप्रिलात पेरतात, साधारण शंभर दिवसांनी मुळासकट उपटतात. कापत नाहीत, कारण धागा खोडात असतो आणि त्याची लांबी वाया घालवायची नसते. उपटलेली रोपं शेतातच आडवी पसरतात, दवाने आणि पावसाने ती काही आठवडे कुजतात, आणि मग सालीतला धागा खोडापासून सुटा होतो. भारतातल्या गिरण्या सूत कातून कापड विणतात, पण त्यासाठी लागणारा धागा बहुतेक तिकडूनच येतो.

हे सगळं मी आईला फोनवर मोठ्या उत्साहात सांगितलं. जवसाचं कापड हे ऐकून ती आधी हसली. मग म्हणाली, “म्हणजे अंबाडीसारखंच की. आमचे आबा अंबाडी ओढ्यात कुजवायचे, मग साल सोलून वाख काढायचे. त्याचा दोर पाण्यात भिजला की उलट पक्का व्हायचा, पण एकाच जाग्यावर घडी पडत राहिली की तिथंच तुटायचा.”

मी तीन दिवस जे वाचत होतो ते तिने दोन वाक्यांत सांगितलं होतं. लिननच्या निगेतलं अर्धं ज्ञान खरोखर एवढंच आहे. कापूस बोंडातून येतो, त्याचा तंतू दोन-तीन सेंटिमीटरचा आणि मऊ. लिननचा धागा खोडाच्या सालीतला, हात-दीड हात लांब, मजबूत पण लवचीकपणा जवळजवळ नाही. ओला झाला की आणखी मजबूत होतो, म्हणून पाण्याला घाबरायचं कारण नाही. पण वाकवला की वाकलेलाच राहतो. म्हणून सुरकुत्या. आणि एकाच रेषेवर पुन्हापुन्हा कडक घडी पाडली की त्या रेषेवरच धागे तुटायला लागतात. कॉलरची कड, बाहीची इस्त्रीची रेघ, कपाटातली घडी या जागा आधी जातात त्या यामुळे.

अंबाडी जिला कळते तिला लिनन कळलंच असतं. तिला फक्त कुणी सांगितलं नव्हतं की हे कापड त्या जातीचं आहे. सांगायचं काम माझं होतं.

तर आता धुण्याचं. हॉस्टेलवाल्यांनो, हे तुमच्यासाठी, कारण तुमच्याकडे एक नळ आणि त्याखाली वीस बादल्या असतात हे मला माहीत आहे. लिननला जीन्सपेक्षा कमी वेळ लागतो. धागा गुळगुळीत असल्याने मळ त्यात घट्ट रुतून बसत नाही. साध्या किंवा किंचित कोमट पाण्यात थोडी सौम्य पावडर नाहीतर लिक्विड आधी पूर्ण विरघळवा, मग शर्ट बुडवा. दहा-पंधरा मिनिटं पुरे. रात्रभर नको. कॉलर आणि बाहीची कड बोटांनी चोळा, ब्रश लावू नका. ब्रशने वरचे तंतू उसवतात आणि तिथे पांढरट, केसाळ पट्टा दिसायला लागतो, गडद रंगावर तर फारच. पहिल्या दोन-तीन वेळा एकटाच धुवा, रंग सुटतो. नंतरही जीन्सच्या शेजारी जाऊ देऊ नका. ब्लीच अजिबात नको. पांढऱ्या लिननलासुद्धा नको, धागा कमजोर होतो आणि पांढरा उलट पिवळट पडतो.

ज्यांच्या शर्टाचा रंग मातकट, म्हणजे लिननचा मूळचा रंग आहे, त्यांना एक जास्तीची सूचना. ‘शुभ्र चमक’वाल्या पावडरी टाळा. त्यांच्यात कापड पांढरं भासवणारी द्रव्यं असतात. त्यांनी तुमचा सुंदर गव्हाळ रंग विचित्र फिकट, निळसर-राखाडी होतो.

खळबळायला मात्र कंजुषी करू नका. इथे आपल्याकडचं पाणी मधे येतं. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार वडीच्या साबणाशी मिळून चिकट साका तयार करतात, तो कापडात बसतो आणि वाळल्यावर कपडा ताठ, मळकट होतो. माझा शर्ट पुठ्ठा झाला त्यात धोपाटण्याइतकाच या पाण्याचा हात होता. जड पाण्यात वडीच्या साबणापेक्षा डिटर्जंट बरं काम करतं. टाकीचं गोडं पाणी असेल तर निदान शेवटचं खळबळणं त्यात करा. फॅब्रिक सॉफ्टनरच्या नादाला लागू नका. तो धाग्यावर थर बसवतो आणि घाम शोषण्याचा लिननचा गुणच मारतो, ज्या गुणासाठी मराठवाड्याच्या उन्हात आपण ते घालतो. मऊ व्हायचं असेल तर लिनन धुवून धुवून आपोआप मऊ होतं. कापड जुनं झालं की छान होतं, अशी थोडीच कापडं आहेत.

पिळायचं नाही. दोन्ही हातांच्या तळव्यांत दाबून पाणी काढा आणि तसंच, पाणी निथळत असताना, हँगरवर लावा. मशीन असेल तर नाजूक कपड्यांची सेटिंग, स्पिन कमी, आणि ड्रम अर्धाच भरा, कारण लिनन भरपूर पाणी पितं आणि जड होतं. थांबलं की लगेच बाहेर काढा. मशीनमध्ये तासभर विसरलेल्या लिननच्या सुरकुत्या काढताना तुम्हाला माझी आठवण येईल. बाहेर काढून दोन झटके द्या, कॉलर-खिसा-पट्टी हाताने ओढून सरळ करा. एवढ्यानेच निम्मी इस्त्री होते. रंगीत असेल तर उलटं करून सावलीत. पांढरं असेल तर खुशाल उन्हात, युरोपात एकेकाळी पांढरं करण्यासाठी लिननचे तागेच्या तागे गवतावर उन्हात पसरत असत. तारेच्या कुंपणावर मात्र कुठलाच कपडा नको. गंजाचा डाग पडलाच तर लिंबाचा रस आणि मीठ लावून थोडा वेळ ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. आधी आतल्या शिवणीवर करून बघा, रंग जातो का ते कळतं. माझा पाठीवरचा डाग असाच बराचसा गेला.

डागांचा विषय निघालाच आहे तर हळदीचं सांगायलाच हवं. आमचा जिल्हाच हळदीचा. शिजवणीच्या दिवसांत घरादाराचे कपडे पिवळे असतात. चुलत भावाच्या हळदीला मी ऑफ व्हाइट लिननचा कुर्ता घालून गेलो (हो, मूर्खपणाच) आणि छातीवर पाचही बोटं उमटली. मी घाबरून साबण लावला तर पिवळा डाग लालभडक झाला. मला वाटलं, संपलं. मोबाइलवर उपाय शोधत बसलो. आई आली, बघितलं आणि म्हणाली, “साबणानं हळद लालच होती. धुवून टाक अन् उन्हात टाक. ऊन खाईल त्याला.” दोन दिवस कुर्ता उन्हात होता, मधून ओला करून. डाग जवळजवळ गेला. हळदीतलं रंगद्रव्य साबणाच्या क्षारधर्मामुळे लाल होतं आणि सूर्यप्रकाशात ते तुटतं, हे मी नंतर वाचलं. तिला आधीच माहीत होतं. शर्टाच्या वेळी जिला ‘तुला काही कळत नाही’ म्हणालो होतो, ती हीच.

इस्त्री आता. चकती शेवटपर्यंत फिरवायचा हक्क या एकाच कापडाला आहे, पण कापड दमट असताना. पूर्ण वाळवून, मग पाणी शिंपडत घासत बसणं म्हणजे दुप्पट मेहनत. थोडं ओलसर असतानाच दोरीवरून काढा, गडद रंग असेल तर उलट्या बाजूने करा, नाहीतर चकाकी येते. आधी लेबल पाहा, कारण ‘लिनन’ म्हणून घेतलेल्या बऱ्याच शर्टांत पॉलिस्टर मिसळलेलं असतं आणि ते त्या तापमानाला चिकटतं. लेबलवर इस्त्रीचं चित्र असतं, त्यात टिंबं असतात. तीन टिंबं म्हणजे 200 अंशांपर्यंत, एक टिंब म्हणजे जपून. बादलीत हात म्हणजे हाताने धुवा. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. ही चित्रं कुठलीही भाषा न येणाऱ्यालाही कळावीत म्हणून केलेली आहेत. पण ती कुणी एकदा तरी समजावून द्यावी लागतात. आपल्याला शाळेत ट्रॅफिकची चिन्हं पाठ करून घेतली, ही नाही. आणि घरात जी बाई रोज बादलीभर कपडे धुते तिला तर कुणीच काही दाखवलं नाही.

बाहेर टाकत असाल तर इस्त्रीवाल्या काकांना ‘लिनन आहे, ओलसर आणलंय, बाहीला रेघ नको’ एवढं तोंडाने सांगा. सांगितल्याशिवाय त्यांना स्वप्न पडणार नाही.

कपाटात शक्यतो टांगून ठेवा. घडी घातलीच तर अधूनमधून घडी बदला. खळ घातलेलं लिनन महिनोन्‌महिने ठेवू नका, खळीला कसर लागते. पावसाळ्यात दमट कपडा पिशवीत कोंबून गावाकडून हॉस्टेलला आणलात तर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते सहसा जात नाहीत.

राहिल्या सुरकुत्या. यावर माझं मत ठाम आहे, पटलं नाही तरी ऐका. लिननला सुरकुती पडणं हा लिननचा दोष नाही. बसमध्ये तासभर बसलात की पाठीला आणि कोपराला पडणारच. ज्याला दिवसभर कागदासारखा सपाट शर्ट हवा, त्याने कॉटन-पॉलिस्टर घालावं, ते स्वस्तही पडतं. पण आपल्याकडे सुरकुती म्हणजे गबाळेपणा आणि कडक इस्त्री म्हणजे साहेब असं डोक्यात बसलंय. त्या हट्टापायी आपण धागा भाजतो, रेघेवर रेघ पाडतो आणि दोन वर्षांत कॉलर फाटली म्हणून दुकानदाराला शिव्या देतो. लंडनच्या पेट्री संग्रहालयात इजिप्तमधल्या तारखान इथे सापडलेला लिननचा एक अंगरखा आहे, पाच हजार वर्षांहून जुना. बाह्यांना बारीक चुण्या घातलेल्या आहेत, आणि कोपरांजवळ, काखेत वापराच्या सुरकुत्या अजून दिसतात. कुणीतरी तो खरोखर घालून फिरलं होतं याचा पुरावा म्हणून अभ्यासक त्या सुरकुत्यांकडे बघतात. तुमच्या पाठीवरची तर नुसती एसटीची आहे.

आणि घ्यायलाच हवं का? नाही. आमच्याच जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं, शिंप्याचं घर. त्या परंपरेत वाढलेले आमचे शिंपीकाका म्हणतात, कापड अंगाला शोभतं नंतर, आधी खिशाला शोभलं पाहिजे. चांगलं सुती कापड विद्यार्थ्याला पुरतं. पण घेतलंच, तर एकच घ्या, खरं घ्या, शिवण्याआधी पाण्यातून काढा. शिंपी सांगतो तेव्हा त्याचं ऐका.

आकाशी शर्ट अजून आहे. बाह्या आखूड झाल्या म्हणून काकांनी त्या कापून हाफ करून दिल्या. आता इतका मऊ झालाय की गावी गेलो की तोच घालतो. मागच्या सुट्टीत बोअरवर मी तो बादलीत हळूहळू दाबत बसलो होतो तर शेजारच्या काकू थांबल्या. “कामून वं, पोराला धुवायला लावलं?” आईला विचारलं. आई म्हणाली, “त्याचं जवसाचं कापड हाय, त्यालाच कळतंय.” काकू थोडा वेळ बघत राहिल्या. मग घरात गेल्या आणि त्यांच्या मुलाने पुण्याहून आणलेला कोरा शर्ट घेऊन आल्या. कॉलर उलटी करून लेबल माझ्यासमोर धरलं आणि म्हणाल्या, “हे काय चित्रं काढलेत, सांग बरं.”